न लिहिलेल्या चापट्या

मित्रांनो, मी एक जुना शेकर आहे. कॅनडातल्या विनिपेगच्या प्रयोगशाळेत बाटल्या हलवणे हे माझे काम. बाटल्यांतल्या यीस्टला हवा मिळावी म्हणून मी बावीस वर्षे डोलतो आहे. इतके डोलून शहाणपण आले नाही. खोड मात्र लागली. वीसेक मिनिटांनी मी थांबतो. इथे रात्रीही वर्दळ असते, मग जाणारा-येणारा कुणीही माझ्या कुशीवर चापट मारतो आणि मी पुन्हा सुरू होतो. नव्या माणसाला इथे आधी कॉफी कुठे मिळते ते दाखवतात, मग मला कुठे मारायचे ते.

हालीना देर्काच या विद्यार्थिनीने माझ्यावर तीन वर्षे घालवली. तिचे यीस्ट पिवळाधमक रंग देऊ लागले. शोधनिबंध छापून आला. त्यात माझ्याविषयी ‘अठ्ठेचाळीस तास हलवले’ एवढेच होते. तरी मी ताठलो.

मग हॅलिफॅक्सच्या डॉक्टर नोरीन मॅकआयझॅक यांचे पत्र आले. त्यांनी हाच प्रयोग आठ वेळा केला. आठही वेळा यीस्ट पांढरेफटक. आमच्या मजल्यावर कुजबुज सुरू झाली, “पोरीनं हॉटडॉगवरचा पिवळा मोहरीचा सॉस ओतला असणार!” हालीनाची पदवी अडली.

नोरीनबाई स्वतः आल्या आणि माझ्यासमोर स्टूल टाकून बसल्या. तेवढ्यात मी थांबलो. हालीनाने जाता जाता चापट मारली.

“अगं, हे काय केलंस?”

“कुठं काय?”

“मारलंस त्याला!”

“हो, थांबतो ना मेला. सगळेच मारतात.”

“आणि हे लिहिलंयस कुठे?”

हालीना खाली बसली. लिहिले कुठेच नव्हते.

तिचे मार्गदर्शक प्रोफेसर लिंडक्विस्ट म्हणाले, “चापट्या छापायच्या? लोक हसतील.”

“हसू देत, सर. लबाड म्हणण्यापेक्षा बरं.”

मग ती पंधरा दिवस घड्याळ घेऊन माझ्याशेजारी बसली. मी किती वेळा थांबतो, चापट किती वेळाने पडते, सगळे तिने टिपले. एरवी तीन मिनिटे. जेवणाच्या सुट्टीत चाळीस! ते आकडे हॅलिफॅक्सला गेले. तिथल्या कोऱ्या यंत्राला मुद्दाम थांबवून पाहिले. पहिल्या खेपेला पांढरे. दुसऱ्या खेपेलाही. हालीनाने आकडे पुन्हा तपासले. जेवणाची सुट्टी तिकडे कुणी धरलीच नव्हती. ती धरली, आणि तिसऱ्या खेपेला पिवळे! यीस्टला विश्रांती हवी होती, ती माझ्या आळसाने दिली होती. दुरुस्ती छापली गेली, चापट्यांसकट. लोक हसले. पदवीही मिळाली.

आता माझ्या जागी नवे यंत्र आले आहे. मला वाईट वाटायला हवे होते. पण जे फक्त माझ्याच अंगावर घडते, ते माझे नशीब. ज्याने माझे तोंडही पाहिले नाही त्याच्या हातून, दूर कुठेतरी, पुन्हा घडते ते ज्ञान. म्हणून मित्रांनो, यंत्रांना वेळच्या वेळी तेल द्या. ते जमले नाही आणि चापट मारावीच लागली, तर निदान ती लिहून ठेवा.