कुसाच्या छातीतला वाघ

दर मंगळवारी गेणूच्या अंगणात बायकांची ही रांग! एकेक बाई पुढे यायची, गेणूच्या बायकोच्या, कुसाच्या, डाव्या छातीखाली तळवा टेकायची आणि किंचाळायची, "गुरगुरतोय गं बाई!"

पुंजा भगताचा शोध असा की वणीच्या आईनं आपला वाघ कुसाच्या छातीत बांधलाय. गालांवरची लाली म्हणजे आईचं तेज. खोकल्यातून रक्त पडलं, तर ते कुंकू! वाघ मरगळला की पुंजा संबळ बडवायचा, कुसाला घुमवायचा. तिला धाप लागली की वाघ जोरात. नारळांचा ढीगही जोरात.

लताबाई याच गावच्या, निफाडच्या, पण मुंबईच्या इस्पितळात भूल देणाऱ्या डॉक्टर. कुसाच्या हृदयाचं ऑपरेशन तिथेच ठरलं होतं. पुंजानं अडवलं, तारीख हुकली, म्हणून त्या स्वतः गावी आल्या.

"भूल दिली का वाघ झोपतो, अन् झोपला का माघारी उठत नाय! वाघासंगं बाईबी!" पुंजा गरजला.

"बरं. गेणूभाऊ, द्राक्षबागेची मोटर चालू करा."

पाणी सुटलं. लताबाईंनी रबरी नळी चिमटीत दाबली. "सिंधुमावशी, चिमटीच्या जरा पुढं हात लावा."

गेणूच्या आईनं हात लावला आणि झटक्यात काढला. "अगं बया! हितं बी गुरगुरतंय!"

"पुंजाबुवा, फोडा नळीपुढं नारळ."

सगळे हसले. गेणू हसला नाही. "म्हंजी कुसाला काय झालंय?"

"लहानपणी सांधे सुजून ताप आला होता ना तिला? त्यानं हृदयातली झडप आकसली. रक्त अरुंद वाटेनं घुसतं, म्हणून ही थरथर. कारखान्याच्या अरुंद गेटात सगळ्यांनी उसाच्या गाड्या पळवल्या तर?"

"तुंबतील की रस्त्यावर."

"तसं रक्त फुप्फुसात तुंबतं. मग धाप, मग तुमचं ते कुंकू. भूल देताना माझी सगळी धडपड नाडी पळू नये म्हणून. गाड्या सावकाश सुटल्या पाहिजेत. आणि हा भगत संबळ वाजवून त्या पळवतोय! असंच घुमवलंत, तर एखाद्या मंगळवारी अंगणातच मरेल ती."

कुसानं हळूच विचारलं, "ताई, मी उठंल ना?"

"धोका आहे, खोटं नाही बोलणार. पण इथं घुमण्यात जास्त आहे. मी उशाशी असेन, नाडीवर बोट ठेवून."

कुसा मुंबईला गेली. सर्जननं छाती उघडून बोटानं झडप मोकळी केली. कुसा उठली.

आता ती विहिरीवरून हंडा आणते. पुंजा सांगत फिरतो, "वाघ मीच सोडवून नेला!"

"मग भगतबुवा," कुसा म्हणते, "तुमच्याच छातीत बांधा की. संबळ मी वाजवते."

बायांनो, बाप्यांनो, छातीला हात लावून तुम्ही गुरगुर ओळखलीत. हात तुमचे खोटे नव्हते, भगत खोटा होता. पुन्हा कुणाची छाती अशी थरथरली, तर रांग लावू नका. गाडी जुंपा आणि दवाखाना गाठा.