नववी लाईन होल्डवर आहे

जवळ या. रिसीव्हर कानाला नीट चिकटवा, दुसऱ्या कानात बोट घातलंत तरी चालेल. 'एक मिनिट हं' म्हणून तुम्हाला कुणीतरी थांबवून ठेवलंय ना? मग ते एक मिनिट माझं. गोष्ट सांगतो. बावीस वर्षं कीर्तनात उभा राहिलेला माणूस आहे मी, अळणी गोष्ट सांगणार नाही.

आमच्या कारखान्यात आठ ट्रंक लाईनी आहेत आणि नवव्या लाईनीवर सोनंदकरबुवांचा आवाज येतो.

कारखाना मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत आहे. पंपांचे व्हॉल्व्ह करतो. माझ्याकडे टेलिफोनचं काम. बाहेरून आठ तारा येतात, त्या ट्रंका. आत चाळीस फोन आहेत. कुठल्या तारेवर आलेला फोन कुणाच्या टेबलावर वाजायचा, ते मी ठरवतो. हे जोडणारं यंत्र म्हणजे एक्स्चेंज. त्याच्या कार्डाला आठच खोबणी आहेत, आठवीखाली कोरा पत्रा. पौषातल्या एका सकाळी त्या पत्र्यावर नववा दिवा लागला. हिरवा, बाकीच्यांसारखाच. मी रजिस्टरात लिहिलं : ट्रंक नऊ, चालू.

त्याच्या आदल्या गुरुवारी बुवांचा आवाज गेला होता. गेला म्हणजे बसला असं नव्हे. रामाच्या देवळात कीर्तन चाललं होतं. पूर्वरंग रंगात आला होता, आणि दुसऱ्या चरणावर आवाज बुवांच्या तोंडातून बाहेर पडला तो परत आतच गेला नाही. सभामंडप ओलांडून, पायऱ्या उतरून, कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानापाशी वळला. आम्ही सगळ्यांनी त्याला जाताना ऐकलं. बुवांचे ओठ हलत होते. मी त्यांचा झिलकरी, म्हणजे त्यांच्या मागं झांजा घेऊन उभा राहणारा. त्यांनी ओळ सोडली की शेवटचे शब्द मी उचलायचे आणि त्यांना दम घेता येईस्तोवर धरून ठेवायचे. मी सवयीनं झील धरली. पुढं कुणी ओळ घेईना, तरी बराच वेळ धरून होतो.

डॉक्टर म्हणाले, गळा लहान मुलासारखा स्वच्छ आहे. तेव्हापासून बुवा पाटीवर लिहितात.

आणि आवाज रोज अकरा वाजून दहा मिनिटांनी नवव्या लाईनीवर येऊ लागला. मी ती कुठंच जोडलेली नव्हती. ती आपली आपण सत्तावीस नंबरला वाजायची. सत्तावीस म्हणजे पॅकिंग. तिथं आक्काताई मगदूम बसतात.

मी पॅकिंगला गेलो तेव्हा त्यांनी रिसीव्हर खांद्यात दाबून धरला होता आणि दोन्ही हातांनी वॉशर पिशव्यांत भरत होत्या. फोन संपेपर्यंत मी उभा राहिलो. पाऊण तास.

"कोण ओ हा माणूस, काका? रोज येतोय."

"काय म्हणतो?"

"गोष्टी सांगतोय. मधेच गातोय. काल एका राजाची सांगितली बघा, हसून हसून वॉशरचा डबाच सांडला माझ्या हातनं."

"तुम्ही कधी कीर्तनाला गेलाय?"

"कुठलं ओ. दोन म्हशी हायत घरी, त्यांना कोण बघणार? तुम्ही येताय का धारा काढाय?"

"मागून झांज ऐकू येते का?"

त्यांनी आठवून पाहिलं. "न्हाई. एकटाच असतोय बिचारा."

बिचारा! चार जिल्ह्यांत ज्यांच्या तारखा वर्षभर आधी घ्याव्या लागतात, त्यांना! मी माझ्या खोलीत येऊन बसलो. मत्सर हा सहा रिपूंतला शेवटचा. बुवा त्याच्यावर फार सुंदर आख्यान लावायचे, डोळे बारीक करून, मान अशी वाकडी करून. लोक पोट धरून हसायचे. त्या आख्यानालाही झील मीच धरलीय.

गुढीपाडव्याला बुवांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं : "खुशाल आहे ना?" मग ते पुसून लिहिलं : "रामनवमीला जन्माचं कीर्तन मलाच करायचं आहे. बाराला तो देवळातल्या फोनवर जोडून दे. मी तोंड उघडून बसतो."

एकतीस वर्षं त्या देवळात जन्माचं कीर्तन बुवांचं. त्यांच्या तोंडून जन्म झाल्याशिवाय पाळणा हलत नाही. नवव्या लाईनीवर आत आलेला आवाज आठव्या लाईनीवरून बाहेर काढायचा, देवळाचा नंबर लावायचा, दोन्ही लाईनी एकमेकींना जोडून आपण बाजूला व्हायचं. हाताला सवय असली की दोन मिनिटांचं काम. मी पाटीखाली डोकं टेकवून हो म्हणालो.

फक्त त्याआधी एकदा तो माझ्याकडे वाजावा असं मला वाटलं. एकदाच. माझा नंबर दहा. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी रिसीव्हर उचलला, पासवर्ड दिला, ट्रंक नऊ, सत्तावीस खोडून दहा. एक्स्चेंजनं लांब सूर दिला. पेटीवरच्या काळी चारच्या किंचित खाली असतो तो, म्हणजे बदल मान्य. रिसीव्हर ठेवला तेव्हा माझ्या खोलीतली फरश्यांची एक रांग कमी झाली होती. आधी अकरा होत्या. कपाट तेवढंच पुढं आलं होतं, भिंतीवरचं कॅलेंडरही.

अकरा दहाला आवाज आला तो सत्तावीसलाच. लाईन आपली आपण परत गेली होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा केलं. पुन्हा एक रांग गेली. तिसऱ्या दिवशीही. सप्तमीला टेबल दाराला टेकलं, मी खुर्ची बाहेर ठेवून दिली आणि स्टुलावर बसू लागलो. अष्टमीला त्याचा फोन होऊन गेल्यावर मी आक्काताईंच्या फोनला बंदी घातली. बाहेरचा कुठलाच फोन त्यांना घेता येणार नाही अशी. त्या एका कामाला दोन रांगा गेल्या.

आता रामनवमी. कारखान्याला त्या दिवशी सुट्टी नसते. देवळात सकाळपासून माणसं येऊन बसली होती. अकरा दहाला माझा फोन वाजला. नववा दिवा.

काय सांगू तुम्हाला. एवढ्या जवळून तो मी कधी ऐकला नव्हता. मागं उभं राहणाऱ्याला आवाज पाठमोरा ऐकू येतो. आज तो समोरून आला.

"आक्काताई आहेत का?"

"बुवा, मी. विष्णू."

"कोण विष्णू?"

"विष्णू कुंभोजकर. झिलकरी. बावीस वर्षं तुमच्या मागं उभा असतो."

खोटं बोलायची त्याला सवय नाही. "मागं मी कधी गेलो नाही हो," तो म्हणाला. "मी निघतो तो पुढंच जातो. आक्काताईंना देता का?"

मी म्हणालो, "एक मिनिट हं." आणि होल्डचं लाल बटण दाबलं.

होल्डवर ठेवलं की थांबलेल्याला सूर ऐकू येतो, तुम्हाला माहीत आहे. आमच्या एक्स्चेंजमध्ये पूर्वी किणकिण वाजायचं. तीन वर्षांपूर्वी ते काढून मी बुवांच्या कीर्तनाची अडीच मिनिटं भरली. मालकांना आवडली. पौषात बुवांचा आवाज गेला तेव्हा तो त्या अडीच मिनिटांतूनही गेला. तिथं आता पेटी आहे, तबला आहे, आणि बुवांच्या जागा मोकळ्या सोडून मागून आलेली माझी झील आहे. नवव्या लाईनीवर तो आता तेच ऐकत होता.

अकरा पस्तीसला मी बटण सोडलं.

"कोण धरत होतं हो ते?" तो म्हणाला. "फार गोड धरत होतं. दम घ्यावासा वाटला मला."

"मीच तो, बुवा."

"तुम्ही फोन उचलणारे. त्यांचं नाव काय विचारतोय मी. असू दे, आक्काताई आल्या का?"

मी पुन्हा बटण दाबलं. दोन रांगा उरल्या होत्या, त्यातली एक गेली. मी स्टूल काढून टाकलं आणि फरशीवर बसलो.

तेवढ्यात दारात आक्काताई आल्या. दार एव्हाना खिडकीएवढं झालं होतं, त्यांचा नुसता चेहरा दिसत होता.

"काका, माझा फोन मेलाय."

"बघतो."

"तो माणूस आला असंल की आता. काल म्हणत होता, उद्या बाराला पाळणा हाय, मला देवळात पोचवा म्हणून सांगा तुमच्या टेलिफोनवाल्यांना. मी म्हणलं, आमचे काका लई चांगले हायत, पोचवतील."

मी बटणावरचं बोट काढलं नाही.

"एवढीशी कशी झाली ओ खोली?"

"आवरलीय."

"घाम किती आलाय तुम्हाला!" त्यांनी आपला डबा दारातून आत सरकवला. आत सुंठवडा होता. म्हशीवाल्या बाईला रामनवमीचा सुंठवडा कुणी शिकवला, ते मी विचारलं नाही. त्यानंच सांगितलं असणार. आख्यानाच्या शेवटी तो कृतीही सांगतो. "द्या की जोडून," त्या म्हणाल्या. "म्हातारं तोंड उघडून बसलंय म्हणं तिकडं. मी देवळात जाऊन बघते तिथला फोन वाजतोय का. साहेबांनी सोडलंय मला एकपातूर."

त्या गेल्या. डबा उघडून बसावं एवढी जागा नव्हती.

बाराला एक मिनिट कमी असताना चौथी लाईन वाजली. बाहेरचा फोन, देवळातून.

"काका, मी बोलतेय. इथं सगळे थांबलेत ओ."

"कोण सगळे?"

"सगळेच. फोनची तार वढून बुवांच्या तोंडापर्यंत आणलीय, तिथनंच बोलतेय. त्यांनी आ केलाय. माणसं मुठीत फुलं घिऊन हात वर करून उभी हायत. पेटीवाल्यानं भाता दाबलाय तो दाबलेलाच. भटजींचं घड्याळ बघितलं, काटा हलंना."

मी माझ्या घड्याळाकडे पाहिलं. काटा हलत नव्हता. कारखान्याचा भोंगा बाराला होतो, तोही झाला नव्हता. बारा वाजणंही नवव्या लाईनीवरच होतं आणि ते मी थांबवून ठेवलं होतं.

"आणि काका, मला पुढं उभं केलंय. पाळण्याची दोरी धराय कुणीतरी बाई पायजे होती म्हणं. एका हातात दोरी हाय, एका हातात फोन."

दोरी! बावीस रामनवम्या झाल्या, त्या दोरीला माझं बोट लागलेलं नाही. पाळणा हलतो तेव्हा माझे दोन्ही हात झांजांत अडकलेले असतात आणि माझ्यापुढं बुवांची पाठ असते. पाळणा कुठल्या रंगाचा आहे, ते मी लोकांना विचारून घेतलंय.

"कुठल्या रंगाचा आहे?" मी विचारलं.

"काय?"

"पाळणा."

"हिरवा हाय की. काठाला लाल." मग त्या म्हणाल्या, "सोडा की ओ त्याला, काका."

मी चौथी लाईनही होल्डवर ठेवली.

शेवटची रांगही गेली, एक फरशी तेवढी राहिली. आता मी एका फरशीवर आहे, गुडघे हनुवटीला लागलेत आणि एक्स्चेंज पाठीला. हात तेवढा मोकळा आहे. यंत्राच्या मागल्या बाजूला एक छिद्र असतं, होल्डचा सूर जिथून आत जातो ते. ते माझ्या तोंडाशी आलंय. मी ती अडीच मिनिटं काढून टाकली आणि स्वतः बोलायला लागलो. जे जे कुणी थांबलंय त्या सगळ्यांना मी ऐकू येतो. तुम्ही सातव्या लाईनीवर आहात, तुम्हाला येतो. आणि तिकडे नवव्यावर तो आहे. त्यालाही हेच ऐकू जातंय, बावीस वर्षं, झांजा, विष्णू कुंभोजकर, सगळं. कीर्तनकाराचा आवाज गोष्ट अर्धी टाकून उठत नाही. तो थांबलाय. मधे एकदा मी दम घ्यायला थांबलो तेव्हा तिकडून, अगदी बारीक, माझ्या वाक्याचे शेवटचे दोन शब्द कुणीतरी धरून ठेवले.

ते त्यानं धरले की माझ्याच कानात राहिले, हे कळायला बटण सोडावं लागेल. सोडलं की तो विचारेल, आक्काताई आहेत का. म्हणून बोट बटणावर आहे.

तुमचं माणूस आता फोन उचलेल, दिवा लुकलुकतोय. बोला तुम्ही, तुमचं काम महत्त्वाचं असेल. माझं काही सांगू नका कुणाला. पण बोलून झालं की एक करा. चौथ्या लाईनीवर एक बाई उभ्या आहेत. जरासुद्धा कुरकुर करत नाहीत. मधे मी डोकावलो तर विचारत होत्या, "काका, सुंठवडा खाल्लात का?" त्यांची आठवण ठेवा. आक्काताई मगदूम. दोरी डाव्या हातात आहे, आणि हात अजून वरच आहे.