तुकडे, निळे

बायको लेकीकडे महिनाभर राहायला गेली आणि स्टोअरकीपरसाहेबांचे हात शिवशिवू लागले. कारखान्याच्या भांडारात त्यांचा उभा जन्म गेला होता. कोणता नट कोणत्या खणात आहे ते डोळे मिटून सांगत, आणि सांगताना मान जरा जास्तच ताठ करत. निवृत्त झाल्यापासून मात्र विचारायला कुणी येत नव्हतं. घरात आवरण्याजोगं एकच काही उरलं होतं, ते म्हणजे बायकोचं विणकामाच्या पुस्तकांचं कपाट. तिच्यादेखत त्याला हात लावायची त्यांची छाती नव्हती.

कपाट होतंही तसंच. पुस्तकं आडवी, उभी, एकमेकांच्या उरावर. जवळजवळ प्रत्येकातून लोकरीची शेपटं लोंबत होती आणि त्या शेपटांनी पुस्तकं फुगली होती. दार लावायचं तर गुडघ्याने रेटावं लागे. साहेबांनी बाह्या सरसावल्या. मोज्यांची पुस्तकं एका खणात, स्वेटरची दुसऱ्यात, बाळांची टोपडी-बिपडी खाली, क्रोशाचं सगळं वेगळं. एकच पुस्तक चुकून दोनदा घेतलेलं सापडलं तेव्हा ते मनापासून खूश झाले. बायकोला चिडवायची वर्षभराची सोय झाली.

लोकरीचे तुकडे त्यांनी एकूण एक उपसले. फेकले नाहीत, कारण भांडारात काही फेकायचं नसतं. सगळे निळेच होते. ते डब्यात भरून वर चिठ्ठी चिकटवली: 'तुकडे, निळे'. मग फुगलेल्या पुस्तकांच्या चळती लावल्या, वर फळी ठेवली आणि फळीवर शिवणाचं मशीन. बायको परत येईपर्यंत पुस्तकं अशी सपाट झाली, जणू आत्ताच दुकानातून आणली होती.

ती आली तेव्हा साहेबांनी तिला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. कपाटाचं दार एका बोटाने उघडून दाखवलं. छान झालंय, बरीच मेहनत घेतलीत, असं ती म्हणाली. बोलता बोलता तिने एक पुस्तक काढून चाळलं, ठेवलं. दुसरं काढलं. तिसऱ्याच्या वेळी तिचा चेहरा उतरला.

"अहो, यातली निळी लोकर कुठंय?"

साहेबांनी शाबासकीच्या आशेने डबा तिच्या हातात दिला. तिने चिठ्ठी वाचली आणि ती पलंगावर बसली.

"ताईने ठेवली होती ती," ती म्हणाली.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण, दोन वर्षांमागे वारलेली. आजारपणात ती रोज दुपारी इथे येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची. साहेब तेव्हा कामावर असत. बोटं विणायला साथ देईनात, म्हणून ती नुसती पुस्तकं चाळायची आणि जो नमुना आवडेल त्या पानात आपल्याच उसवलेल्या स्वेटरची लोकर ठेवायची. धाकटीने त्या नमुन्याचा एकेक चौकोन विणायचा आणि चौकोन जोडून पांघरूण करायचं, असं दोघींचं ठरलं होतं. ताई गेली, धाकटी विणत राहिली. विणून झालेल्या पानातला तुकडा ती त्याच चौकोनात गुंफून टाकी. न विणलेल्यांच्या खुणा आता या डब्यात होत्या.

"मला काय माहीत," साहेब म्हणाले. "सांगायचंस तरी."

"सांगितलं होतं."

आणि साहेबांना आठवलं. एका रविवारी ती हातात चौकोन घेऊन समोर उभी राहिली होती, ताईची कसलीशी गोष्ट हसत हसत सांगू लागली होती, आणि त्यांनी मोबाइलवरून नजर न काढता 'हं, हं' केलं होतं. भांडारातला वॉशर न् वॉशर पाठ असलेल्या माणसाला आपल्या घरात काय चाललंय याचा पत्ता नव्हता. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली, की तिने आणखी काय काय सांगितलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते पुस्तकं घेऊन बसले. बरेच दिवस खूण राहिलेलं पुस्तक त्या पानावर आपसूक उघडतं, एवढी त्यांची आशा. पुस्तक कण्यावर उभं धरायचं आणि हळूच सोडायचं. एकही उघडेना. खिडकीच्या उजेडात पान तिरकं धरून लोकरीचा वळ शोधला, तोही कुठे उरला नव्हता. मशीनने काम चोख केलं होतं.

शेवटी ते म्हणाले, ताईची आवड तुला ठाऊकच आहे, तूच निवड आता.

"मी निवडलं तर ते माझंच होईल," बायको म्हणाली. "पान उघडलं की कळायचं, त्या दुपारी तिच्या मनात काय होतं. तेवढंच बोलणं उरलं होतं आमचं."



संध्याकाळी तिने झालेले चौकोन जोडायला घेतले. पांघरूण गुडघ्यांपुरतंच भरलं. किनारीसाठी डब्यातले निळे तुकडे टोकाला टोक बांधून लागणार होते. साहेब न सांगता समोर बसले आणि गाठी मारून देऊ लागले. डबा रिकामा होत आला तेव्हा त्यांनी धीर करून विचारलं, "त्या रविवारी ताईची गोष्ट सांगत होतीस ना? काय होती ती?"

बायकोने हातातली सुई थांबवली नाही.

"आता नाही आठवत," ती म्हणाली.