सात नंबरची पोर

क्विरिन मोझरनं चाळीस हिवाळे लहान पोरांना स्कीवर उभं केलं, आणि चाळीस हिवाळ्यांत एकही पोर हरवलं नाही. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा, कुणी विचारलेलं नसताना. त्यामुळे गुरुवारी दुपारी जेवणाच्या टेबलाशी हेल्मेटं निघाली आणि सात नंबरच्या हेल्मेटाखालून भलतीच मुलगी निघाली, तेव्हा त्यानं आधी आपला चष्मा पुसला.

"तू कोण गं?"

"ओटिली. व्हिएन्नाची." मुलीनं सूपमधला चीजचा गोळा चमच्यानं फोडून आत काय आहे ते बघितलं.

"फेम्के कुठाय?"

"फेम्के कोण?"

"सकाळपासून मी तुला फेम्के म्हणतोय!"

"हो, पण तुम्ही 'शाब्बास फेम्के' म्हणत होता," ओटिली म्हणाली. "मला वाटलं, शाब्बास तर शाब्बास."

फेम्के म्हणजे हॉलंडची सहा वर्षांची पोर. सोमवारपासून उतारावर गुडघे ताठ करून उभी राहायची आणि रडायची. आज सकाळी मात्र सात नंबर सरसर उतरली, वळली, थांबली. क्विरिनची छाती फुगली होती. दहा वाजता स्की शाळेच्या मुख्याध्यापिका मागदाबाईंना गाठून तो म्हणाला होता, "बघा, फेम्के लागली मार्गाला. पद्धत लागते, पद्धत!" पद्धत कसली, डोंबलाची.

झालं होतं ते असं. गावात स्की शाळा दोन, लाल आणि निळी. क्विरिन लालमध्ये, त्याचा धाकटा भाऊ नात्स निळ्यात. पूर्वी शाळा एकच होती. सतरा वर्षांपूर्वी भावाभावांत फाटलं. माणसं जमिनीवरून भांडतात, बायकांवरून भांडतात. हे दोघे भांडले पोरांना आधी काय शिकवावं यावरून. क्विरिन म्हणायचा, आधी नांगर, म्हणजे स्कीची टोकं जुळवून थांबायला शिकवा. नात्स म्हणायचा, आधी पडायला शिकवा, पडायची भीती गेली की पुढचं आपसूक येतं. एवढ्यावरून बोलणं बंद. आई गेली तेव्हा शवपेटीच्या दोन बाजूंना उभे राहून त्यांनी एकमेकांना काय ते पाद्र्यामार्फत सांगितलं.

यंदा पर्यटन कचेरीच्या डोक्यात आलं की गावाला 'कुटुंबस्नेही' असा शिक्का मिळवायचा. त्यासाठी दोन्ही शाळांच्या सगळ्या पोरांना सारखी पिवळी बंडी, पोरं लांबून दिसावीत म्हणून. लालचे नंबर एक ते दहा, निळ्याचेही एक ते दहा. पोरं लांबून छान दिसू लागली. ओळखू मात्र जवळूनही येईनात, कारण उणे अठरा अंशांत नाकापर्यंत मफलर आणि वर काळा चष्मा. सकाळी चहाच्या टपरीशी दोन्ही शाळा थांबल्या, आणि तिथंच दोन्हीकडच्या सात नंबरच्या पोरी इकडच्या तिकडे झाल्या. क्विरिननं मोजली, दहाच्या दहा भरली.

शिक्क्याबरोबर एक नियमही आला होता. ज्याच्या हातून मूल एक मिनिटही हरवेल, तो दुसऱ्या दिवसापासून पोरांच्या उतारावर नाही. मागदाबाईंनी तो शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर डकवला होता. पोरांचा उतार काढून घेतला तर बासष्टाव्या वर्षी क्विरिन मोझरकडे उरतं काय? दोन गुडघे. त्यातला एक नावापुरता.

तीनला आईबाप येणार होते. त्यानं उरलेली नऊ पोरं वाढणाऱ्या रोझलच्या ताब्यात दिली, ओटिलीचा हात धरला आणि तो निळ्यांच्या उताराकडे निघाला. त्या बाजूला त्यानं सतरा वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं.

नात्स खाली उभा होता. त्यानं भावाला येताना पाहिलं आणि आभाळाकडे बघायला सुरुवात केली.

"त्या गृहस्थांना सांग," क्विरिन ओटिलीला म्हणाला, "की आमची मुलगी त्यांच्याकडे आहे."

"त्यांना सांग," नात्स म्हणाला, "मला ते दहा वाजताच कळलं."

"मग कळवलं का नाही म्हणावं?"

"सांग, ते माझ्याशी बोलत नाहीत. आणि पोर हुंदके देत होती, आधी तिला बघू का त्यांना?"

"तुम्ही दोन पावलांवर उभे आहात," ओटिली म्हणाली. "माझं सूप गार होतंय."

तेवढ्यात वरून एक पिवळी बंडी आली. वेडीवाकडी, हात पसरून, जोरात. क्विरिन ओरडणार होता, "नांगर! नांगर!" पण नात्सच्या बुटांपाशी येऊन ती पोर मुद्दाम बुडावर आपटली, बर्फात लोळली आणि खदखदून हसली. "परत!" फेम्के ओरडली. "परत पडायचं!"

क्विरिनला आनंद झाला. लगेच स्वतःची लाज वाटली. तीन दिवस त्यानं या पोरीला पडू नको, पडू नको म्हणून थिजवून टाकलं होतं. नात्सकडे न बघता त्यानं ओटिलीला तिथं सोडलं, फेम्केचा हात धरला, आणि ती वळून वळून मागे बघत निघाली.

तीन वाजता फेम्केची आई आली. फेम्केनं तिला पाच वेळा पडून दाखवलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय जादू केलीत हो? ही आम्हाला उद्याच घरी चला म्हणत होती!"

"आमचे क्विरिनकाका आहेतच तसे," मागदाबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षांचा अनुभव!"

नुसती मान डोलवली असती तरी भागलं असतं. ओटिलीला सूप मिळालं होतं, आणि नात्स बोलणार कुणाशी?

"मी काही केलं नाही," क्विरिन म्हणाला. "सकाळी ही माझ्या हातून हरवली. जेवेपर्यंत मला पत्ताही नव्हता. माझ्या भावानं शिकवलं हिला. नात्सनं. त्याच्यासारखा मास्तर या खोऱ्यात नाही."

मागदाबाईंनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा भिंतीकडे बघितलं. "क्विरिनकाका," त्या हळूच म्हणाल्या, "हे तुम्ही मला एकटीला सांगायचं होतं हो."

शुक्रवारी सकाळी तो तळघरात होता, भाड्याचे बूट देण्याच्या दुकानात. दोन्ही शाळांना मिळून ते एकच. ओल्या मोज्यांचा वास, एक बाक आणि समोर बुटांची भिंत. वरून पोरांचा कालवा ऐकू येत होता, आणि तो त्याला सहन होत नव्हता.

साडेआठला दार उघडलं. नात्स आत आला. त्याच्या हातात दुकानाचा एप्रन होता.

"तू?" क्विरिनच्या तोंडून निघून गेलं.

"तुमच्या बाईंनी आमच्या साहेबांना फोन केला. ओटिली माझ्या हातून हरवली, आणि दहाला कळूनही मी गप्प बसलो. नियम दोघांनाही तोच." नात्सनं एप्रन गळ्यात अडकवला. "सतरा वर्षांत एकदा तोंड उघडलंस, आणि माझी नोकरी घालवलीस."

"मी तुझं कौतुक करत होतो, गाढवा!"

"ऐकलं. सगळ्या गावानं ऐकलं." नात्स बाकापाशी येऊन उभा राहिला. "परत म्हण."

"काय?"

"तेच. शेवटचं."

"मुळीच म्हणणार नाही."

"बरं. सरक तिकडे. आणि पोरांना आधी डावा बूट घालायचा असतो, उजवा नाही."

"कुणी सांगितलं तुला?" क्विरिन म्हणाला, आणि सरकला.