कोऱ्या नोटा

"कार्डात पैसा दिसते काय बाप्पा?" दुर्गाबाईंनी काउंटरवरचं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं.

"दिसत नाई काकू, पण असते. तिकडं मशीनमधी टाकाचं, चार आकडे दाबाचे, पैसे बाहेर."

"अन् ते चार आकडे मले त्या येळी आठवलेच नाई तं?"

परदेशी पैसे बदलून देणाऱ्या अमरावतीतल्या त्या दुकानातला पोरगा हसला. त्याला वाटलं, काकू गंमत करतात. अकरा दिवसांपूर्वी मस्कतहून फोन आला, तिथं बांधकामावर असलेला त्यांचा मुलगा श्याम परांचीवरून पडला म्हणून. तेव्हापासून दुर्गाबाईंना काहीच धड आठवत नव्हतं. मुलींच्या वसतिगृहात बावीस वर्षं स्वयंपाक केलेली बाई. साठ जणींची भाजी डोळे मिटून करायच्या. परवा त्यांनी वरणात दोनदा मीठ टाकलं आणि पोरी मुकाट्यानं जेवून उठल्या. एरवी पोळी जरा करपली तरी वॉर्डनबाईंपर्यंत तक्रार नेणाऱ्या पोरी!

श्यामच्या कंपनीनं एका माणसाचं तिकीट आणि व्हिसा दिला होता. बाकी खर्च आपला. तो बेशुद्ध होता. तिथले डॉक्टर म्हणत होते, ओळखीचा आवाज रोज कानावर पडू द्या, पंधरा दिवस बघू. म्हणजे पैसे पुरतील तितके दिवस आईचा आवाज.

पासपोर्ट तेवढा तयार होता. गेल्या दिवाळीत श्यामनंच काढून दिला होता. "आई, तुले समुद्र दाखवतो," म्हणाला होता.

"नोटाच दे," दुर्गाबाई म्हणाल्या. तीन वर्षांपूर्वी अकोटला एका सभ्य दिसणाऱ्या माणसानं एटीएमसमोर 'आणा मावशी, मी काढून देतो' म्हणून त्यांचं कार्ड बदललं होतं. तेव्हापासून हातात धरता येईल तोच पैसा आपला, असं त्यांचं मत होतं.

रियाल दुकानात नव्हते, म्हणून पोरानं डॉलर दिले. शंभराच्या पाच नोटा. बावीस वर्षांच्या कष्टातलं उरलंसुरलं सगळं त्या पाच कागदांत मावलं.

"काकू, एक करा. दुमडू नका, काही लिहू नका. कोऱ्या ठेवा. तिकडचे लोक लई नखरे करतात."

त्यांनी मान हलवली. घरी येऊन नोटा दुमडल्या नाहीत, त्यांवर काही लिहिलं नाही. चपट्या डब्यात पसरून देवापुढे ठेवल्या, आणि बावीस वर्षं पगाराला जे केलं तेच केलं. नवरा गेल्यापासून स्वतःच्या कपाळाला कुंकू नव्हतं, पण घरात आलेल्या लक्ष्मीला ते नेमानं लागायचं. त्यांनी हळद भिजवली, करंगळीशेजारचं बोट बुडवलं, आणि एकेका नोटेवरच्या टकल्या बुवाच्या कपाळावर टेकवलं. वर कुंकू. "तुले आमची भाषा येत नसन," त्या बुवाला म्हणाल्या, "पण माह्या पोराकडे पाहजो."

गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची, अकोल्याहून. धाकटा भाऊ खुशालराव तिथंच राहायचा आणि मुंबईच्या विमानतळापर्यंत सोबत येणार होता, म्हणून दुर्गाबाई सकाळीच त्याच्या घरी पोचल्या. त्याची मुलगी आचल नर्सिंगला होती. आत्याच्या परकराला आतून खिसा शिवायला ती बसली, माप घ्यायला तिनं नोटांचा डबा उघडला आणि तिच्या हातातली सुई तशीच राहिली.

"आत्या, हे काय केलं वो?"

"काय केलं?"

"हळद-कुंकू लावलं डॉलरले?"

खुशालराव डोकावला. आधी हसला. "बाई, अमेरिकेच्या बुवाचा तं तू साखरपुडाच करून टाकला!" मग आचलचा चेहरा पाहून त्यानं हसू आवरलं.

आचलनं दुकानातल्या पोराला फोन लावला. तो म्हणाला, "डागाची नोट आमीबी वापस नाई घेत ताई. तिकडं एखांदा घेईनबी. नाई घेतली तं काही करता येत नाई."

"धुवून पाहू," दुर्गाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वसतिगृहात गॅस संपल्यावर होई तसा झाला होता, बारीक आणि घाईचा.

आचलनं कापसाला साबणाचं पाणी लावून अगदी हलक्या हातानं पुसलं. कुंकू थोडं निघालं. हळदीला साबण लागला आणि पिवळा डाग लाल झाला. टकल्या बुवाचं कपाळ फुटल्यासारखं दिसायला लागलं.

दुर्गाबाई ते बघत राहिल्या. श्यामचा एकच फोटो कंपनीनं पाठवला होता, डोक्याला पट्टी बांधलेला.

"राहू दे, आचल. पुसू नको आता."

पाचांतली एक नोट कोरी निघाली. दुसरीला चिकटून राहिल्यामुळे तिला बोट लागलंच नव्हतं.

"एका नोटेत किती दिवस निघतीन?" त्यांनी विचारलं.

आचल म्हणाली, "तीन. लई तं चार."

"चार दिवसांत उठन काय तो?"

खुशालरावानं घड्याळाकडे पाहिलं. गाडीला दीड तास होता, रविवार होता, बँका बंद होत्या. "मी कोणाले मागतो," असं म्हणत तो चप्पल शोधायला लागला, पण चप्पल त्याच्या पायातच होती.

दुर्गाबाई उठल्या. पिशवीच्या तळाशी हात घालून त्यांनी एक फडकं काढलं. त्यात एकदाणी होती, सोन्याच्या मण्यांची एकसरी. सुनेसाठी जपलेली. घर बंद राहणार म्हणून भावाकडे ठेवायला आणली होती.

"सोनं तं तिकडंबी सोनंच असन ना?"

"असते," आचल म्हणाली. "पण आत्या, हे तं श्यामदादाच्या..."

"हो ना. त्याचंच हाये. त्याच्यासाठीच नेऊन राहिली. घाल गळ्यात. गळ्यातलं कोणी इचारत नाई."

आचलनं मागून फासा अडकवला. एकोणीस वर्षं मोकळ्या राहिलेल्या गळ्याला मणी गार लागले. डागाच्या चार नोटा त्यांनी तरीही खिशात ठेवल्या, एखादा घेईलही म्हणून.

गाडीत खुशालराव सामान लावत होता. समोरच्या बाकावरच्या बाईनं आधी दुर्गाबाईंचं मोकळं कपाळ पाहिलं, मग गळा पाहिला, आणि जरा थांबून विचारलं, "लग्नाले चालल्या काय, बाई?"

"पोराकडं चालली."

"अस्सं. लग्न झालं पोराचं?"

गाडी हलली. खिडकीबाहेर फलाटावरचा आचलचा हात मागे मागे गेला.

"नाई अजून," दुर्गाबाई म्हणाल्या. "करू, आता उठला की." आणि पदर गळ्याशी ओढून घेऊन त्यांनी मणी झाकले. बोटाची हळद अजून गेली नव्हती.