पडत्या कपाटाखालचा खांदा

"डॉक्टर, तुमचा विश्वास बसणार नाही, पण काल मी पडतं लोखंडी कपाट एका हातावर झेललं!" डायलिसिसच्या पलंगावर आडव्या पडलेल्या सलूनवाल्याने ठोकून दिलं.

थापच ती, पण तिच्यामागे दोन वर्षांचा वैताग होता. मशीनवर तिसरा तास लागला की खांदा असा ठणकायचा, जणू आत कुणी स्क्रू पिळतंय. उठून बसलं तर जरा बरं वाटायचं, पण सुया टोचलेला हात हलवायची सोय नव्हती. डॉक्टरांना सांगावं, तर ते कागदातून मान वर न करता म्हणत, "काका, वय झालं." वय झालं म्हणे! खरं दुखणं ऐकायला यांना वेळ नाही ना, मग अपघात तरी ऐकतील, असं त्याने ठरवलं होतं.

आणि ऐकला की! डॉक्टरांनी पेन खाली ठेवून पहिल्यांदाच त्याच्या खांद्याला हात लावला. "केवढं होतं कपाट?"

सलूनवाल्याला चेव चढला. "चार दारांचं! वर दोन ट्रंका! शेजारी धावत येईपर्यंत तसंच एका हाताने डोक्याच्या वर तोलून धरलं."

"काय सांगता!" डॉक्टर एक्स-रेची चिठ्ठी लिहू लागले.

स्टुलावर बसलेल्या बायकोला मात्र राहवेना. "अहो, काहीतरीच काय! डॉक्टर, कपाट नाही नि बिपाट नाही. दोन वर्षं झाली, यांचा हा हात कानाच्या वर जात नाही. केससुद्धा मी विंचरून देते यांचे!"