मेंढीपुढचा नंबर

कासाबाईची टेलिफोन डिरेक्टरी चुलीजवळच्या भिंतीवर होती. मेंढरांवर खूण करायच्या तांबड्या ऑइलपेंटनं लेक बबितानं आकडे लिहिले होते, आणि अक्षराशी वैर असलेल्या कासाबाईनं प्रत्येकाआधी आपल्या हातानं चित्र काढलं होतं. डॉक्टरला सुई, व्यापाऱ्याला तराजू आणि भाऊ ग्यानबाला मेंढी. ग्यानबा वर्षाचे आठ महिने मेंढरांमागं रानोमाळ. त्याच्याजवळ साधा फोन होता, पण हिरवं बटण दाबून उचलण्यापलीकडं त्याला काही येत नव्हतं. फोन लावायचा तो इकडून, पेडगावातल्या कासाबाईच्या घरूनच.

तिच्या नवऱ्याला, रामकिशनला, त्या भिंतीची लाज वाटायची. जुना फोन दुकानात देऊन मोठ्या पडद्याचा नवा आणल्यापासून तर जास्तच. बबिताला बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर, कासाबाई रानात गेल्याचं साधून त्यानं भिंत पत्र्यानं खरवडली आणि वर आभाळी डिस्टेंपर मारला.

"अवो, माजे नंबर?" कासाबाई दारातच थबकली.

"समदे फोनात घातलेत. आता भिंतीवर कोण लिवतंय?"

डॉक्टर घातला होता, व्यापारी घातला होता. मेंढी राहून गेली होती. एवढं कबूल करायला काय जड होतं? पण नवऱ्याची ताठ मान, ती वाकते कधी! पाहुण्यांचं येणं महिनाभर लांबलं. कासाबाई म्हणायची, "ग्यानबाला लावा की." हा फोन कानाला लावून सांगायचा, "रेंज न्हाई त्याला."

पाहुणे आले, पोरगी पसंत पडली, चार दिवसांनी सुपारी फोडायची ठरली. मामाशिवाय सुपारी कशी फुटणार? त्याच दिवशी रामकिशननं तीनदा रेंज नसल्याचं सांगितलं. तिसऱ्यांदा कासाबाई म्हणाली, "माज्या भावासाटी तुमी किती करायलाव. मीच उगं तुमचं डोकं खायलेय."

तिनं शिवी दिली असती तर परवडलं असतं. रामकिशनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं फडकं भिजवलं आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

"मी खोटं बोललो. त्याचा नंबर फोनात न्हाई."

कासाबाईनं पाण्याची बादली आणून त्याच्याजवळ ठेवली.

डिस्टेंपर निघाला तशी आधी मेंढीची पाठ दिसली, मग पाय, मग आकडे. नऊच. दहावा पत्र्यानं मुळासकट खरवडून निघाला होता. बबितालाही तो आठवेना.

रामकिशननं शेवटी शून्य लावून पाहिलं, मग एक, मग दोन. कुणी "राँग नंबर" म्हणून आपटला, एका बाईनं त्याच्या सात पिढ्या काढल्या. त्यानं निमूट ऐकून घेतलं. सातावर मेंढरांच्या घंटा ऐकू आल्या.

"अक्का?" ग्यानबानं सरळ विचारलं. त्याला दुसरं कोण फोन करणार? "लय दिस झाले गं. मी रोज टेकाडावर चढून फोन धरून बसायलोय. दाजीनं मना केलंय का? माजं काय चुकलं?"

रामकिशननं फोन बायकोच्या हातात दिला.

"न्हाई रं," कासाबाई भावाला म्हणाली, "दाजीनंच लावलाय. सकाळधरनं तुजाच नंबर हुडकायलेत."

रामकिशन ओलं फडकं घेऊन भिंतीशी उभा होता. मागं वळून तिच्या तोंडाकडं बघायची त्याला छाती झाली नाही.